जुनं घर विकताना, नवं घर घेताना

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ ही म्हण झाली त्या काळी घर एकदाच बांधलं जाई आणि दोन-तीन पिढ्या त्यात नांदत. आता शहरातल्या मध्यमवर्गीय माणसाचा संसार एका घरात पुरा होत नाही. लग्नानंतर डोंबिवलीला नाहीतर कोथरूडला वन रूम किचन घेतलेलं असतं. पुढे मुलांची अभ्यासाची टेबलं येतात, गावाकडचे सासू-सासरे कायमचे राहायला येतात आणि जागा अपुरी पडू लागते. मोठं घर घ्यावं तर पैसा जुन्या घरातच अडकलेला! म्हणजे एक घर विकायचं, दुसरं घ्यायचं, आणि दोन्ही साधारण एकाच वेळी.

नुसतं विकणं त्या मानाने सोपं, नुसतं घेणंही सोपं. कठीण असतो तो मधला काळ. जुन्या घराचे पैसे पुरते हातात आलेले नसतात आणि नव्या घराचे पैसे द्यायची तारीख उंबरठ्यावर येऊन उभी राहते. याच काळात घाईघाईने सह्या होतात, तोंडी बोलण्यावर विसंबून राहिलं जातं, आणि पुष्कळदा घरातल्या बाईचं नाव जुन्या कागदावरून उतरतं ते नव्या कागदावर चढतच नाही. ‘व्यवहाराचं हेच बघतात, मला त्यातलं काही कळत नाही,’ असं म्हणून आपण चहा ठेवायला उठतो. या एका वेळी तरी उठू नका. चहा कुणीतरी करील. महिन्याचा किराणा, दूध, शाळेची फी यांचा मेळ घालणाऱ्या बाईला न कळण्यासारखं यात काही नाही.

आधी विकावं की आधी घ्यावं?

वाटा तीन आहेत. पहिली म्हणजे आधी घर विकून पैसे बँकेत टाकायचे, भाड्याच्या घरात राहायचं आणि सावकाश नवं घर शोधायचं. पैशाच्या दृष्टीने ही वाट सर्वांत निर्धास्त. हातात रक्कम किती हे नक्की माहीत असतं, त्यामुळे घासाघीसही करता येते. पण बिऱ्हाड दोनदा हलवावं लागतं, भाडं आणि डिपॉझिट जातं, आणि तेवढ्यात भाव चढले तर आपलं घर स्वस्तात गेलं अशी हळहळ वाटते. भाड्याने राहायचं तर अकरा महिन्यांचा का होईना, करार लेखी करून त्याची नोंदणी झालीच पाहिजे. आपल्या राज्यात ते बंधनकारक आहे.

दुसरी वाट आधी घ्यायचं, मग विकायचं. सामान एकदाच हलतं, नव्या घराला रंग देऊन आरामात जाता येतं. पण त्यासाठी जवळ मोठी रक्कम हवी. काही बँका जुनं घर विकेपर्यंत थोड्या मुदतीचं कर्ज देतात, त्याला ब्रिज लोन म्हणतात. पण त्याचं व्याज आणि नव्या कर्जाचा हप्ता एकदम सुरू झाला की महिन्याचा पगार पुरत नाही. मग ‘कसंही करून विकून टाका’ अशी पाळी येते. घर बघायला येणाऱ्याला आपली गरज दिसली, की तो भाव पाडणारच.

तिसरी वाट दोन्ही व्यवहार जोडीने चालवायचे. बहुतेक कुटुंबं हीच धरतात. त्यात एकच नियम कसोशीने पाळायचा. जुन्या घराचा नोंदणीकृत करार होऊन त्यातली पहिली रक्कम खात्यात जमा होईपर्यंत, नव्या घरासाठी परत न मिळणारी मोठी रक्कम द्यायची नाही. नवी जागा फारच आवडली, हातची जाईल असं वाटलं, तर टोकन छोटं द्यावं आणि ‘अमुक तारखेपर्यंत आमच्या घराचा करार झाला नाही तर टोकन परत’ असं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. समोरचा तयार नसेल तर ती जागा आपली नव्हती म्हणायचं.

हिशेब वहीत मांडा

‘आपलं साठाला जाईल, नवं नव्वदला मिळेल, वरच्या तीस लाखांचं कर्ज काढू.’ हा हिशेब घरोघरी तोंडी होतो, आणि तो चुकीचा असतो. उदाहरणादाखल ठाण्याकडचं एक घर धरून वहीत मांडून पाहू.

जुनं घर ६० लाखांना गेलं. त्यावर बँकेचं ८ लाखांचं कर्ज बाकी आहे आणि दलाली १ टक्का म्हणजे ६० हजार. हाती आले ५१ लाख ४० हजार. आता खर्चाची बाजू. नव्या घराची किंमत ९० लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. (मुंबई शहर-उपनगरात ते ६ टक्के आहे.) नोंदणी फी ३० हजार, दलाली ९० हजार, सोसायटीचा हस्तांतरण निधी २५ हजार. रंग, नळदुरुस्ती, स्वयंपाकघराचा ओटा, पंखे, पडदे मिळून ३ लाख. बेरीज १ कोटी ७५ हजार. त्यातून ५१ लाख ४० हजार वजा करा. कर्ज लागणार ४९ लाख ३५ हजारांचं!

तीस लाखांच्या जागी जवळजवळ पन्नास लाख. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी ३० लाखांना महिना सुमारे २६ हजारांचा हप्ता पडतो, ५० लाखांना सुमारे ४३ हजार ४००. हा सतरा हजारांचा फरक वीस वर्षं दर महिन्याला आपल्याच किराण्यातून आणि मुलांच्या शिक्षणातून निघायचा असतो. म्हणून नवं घर बघायला निघण्याआधीच ही वही पुरी व्हायला हवी.

यात आणखी एक मेख आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी करार नोंदवतानाच भरावी लागते, म्हणजे अगदी सुरुवातीला. त्या वेळी जुन्या घराचे फक्त इसाराचे पैसे आलेले असतात. बँक कर्ज देते ते घराच्या किमतीवर, आणि तेही पूर्ण नाही. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. तेव्हा शुल्काचे सहा-सात लाख इसारातून निघतील अशी तजवीज आधीच करावी. दागिने मोडण्याची वेळ येते ती बहुधा याच ठिकाणी.

बिल्डरकडून बांधकाम चालू असलेलं घर घेणार असाल तर त्यावर ५ टक्के जीएसटी धरा. सरकारी व्याख्येतल्या परवडणाऱ्या घरांना तो १ टक्का आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या किंवा दुसऱ्याकडून घेतलेल्या जुन्या घराला तो नाही. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

कागद आधी, गिऱ्हाईक मग

घर विकायला काढायचं ठरलं की आपण भिंती रंगवतो. त्याआधी कपाट उघडून कागद काढावेत. गिऱ्हाईक पसंती देऊन जातं आणि पुढे कागदापायी दोन-दोन महिने अडतं, तोवर नव्या घराची मुदत टळते.

सोसायटीचं भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. आपला नोंदणीकृत करार आणि त्याची सूची क्रमांक २, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. आपल्या आधीच्या मालकांचे करार, अगदी बिल्डरकडून पहिल्याने घेतलं तिथपर्यंतची साखळी. इमारतीचा भोगवटा दाखला. घरपट्टीची आणि विजेची ताजी बिलं. देखभाल खर्चाची थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र. एवढं एका फाईलमध्ये हवं. करार हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते. भागपत्र हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि मग सोसायटीकडून दुसरी प्रत, असा वेळखाऊ मार्ग आहे.

घर सासऱ्यांच्या नावावर होतं आणि ते गेल्यावर सोसायटीत आपल्या यजमानांचं नाव नॉमिनी म्हणून लागलं, असं असेल तर थांबा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सासूबाई, मुलगे आणि मुली या सर्वांचा त्यात सारखा वाटा असतो. नणंदांच्या सह्या लागतील. त्यांना हिस्सा द्या किंवा त्यांनी राजीखुशीने हक्कसोडपत्र नोंदवून द्यावं, पण हे बोलणं गिऱ्हाईक येण्याआधी व्हायला हवं. आपणही कुणाच्या तरी नणंद असतो!

घरावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात. अशा वेळी बँकेकडून शिल्लक कर्जाचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या कागदांची यादी घ्यावी. घेणाऱ्याची बँक सहसा आपल्या बँकेच्या नावे परस्पर चेक काढते आणि उरलेले आपल्याला देते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केली म्हणून दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच मनाई केली आहे. आणि १ डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे, की पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. हा नियम माहीत असला की आपण काउंटरवर नुसते हेलपाटे घालत नाही.

सोसायटीला पंधरा दिवस आधी लेखी कळवावं. महानगरपालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य २५ हजारांहून जास्त घेता येत नाही, हे २००१ च्या सरकारी परिपत्रकाने ठरलेलं आहे. ‘इमारत निधी’, ‘देणगी’ अशा नावांनी लाखभर मागितले तर ते परिपत्रक नम्रपणे पुढे ठेवावं. ही रक्कम विकणाऱ्याने भरायची की घेणाऱ्याने, तेही करारात लिहावं.

करारात ताब्याची तारीख

करारात किमतीइतकीच महत्त्वाची ओळ ताब्याची असते. घेणाऱ्याला कर्ज मंजूर होऊन पैसे मिळायला काही आठवडे लागतात. आपल्यालाही नवं घर मिळवून रंगवून घ्यायचं असतं. तेव्हा ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर अमुक तारखेस ताबा’ असं स्पष्ट लिहावं, आणि नव्या घराच्या करारात ताब्याची तारीख त्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधीची मागावी. ते जमत नसेल तर विकलेल्या घरातच महिना-दोन महिने भाडं देऊन राहायची मुभा लेखी मागून घ्यावी. पुष्कळ लोक देतात. आधी मागायला मात्र हवी.

घेणाऱ्याच्या पैशाला उशीर झाला तर काय, त्यावर व्याज किती, व्यवहार मोडला तर इसाराचं काय, हेही लिहायचं. ‘आपली माणसं आहेत, कशाला लिहायचं?’ असं म्हणू नये. लिहिलेलं असलं तर माणसं आपली राहतात.

शाळेत शिकवत असल्यामुळे एक सुचवावंसं वाटतं. ताबा एप्रिल-मेमध्ये येईल असं बघा. नोव्हेंबरात शाळा बदललेली मुलं वर्गात महिनोन्‌महिने बुजलेली असतात, वह्या अपुऱ्या राहतात. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर परीक्षा होईपर्यंत बिऱ्हाड हलवूच नये. एखादा लाख कमी मिळाला तरी चालेल.

आणि रोख रकमेचा मोह नको. ‘थोडे चेकने, थोडे कॅश’ असं सांगणारं गिऱ्हाईक भेटतंच. स्थावर मालमत्तेच्या विक्रीत २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून बंदी आहे, आणि घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय ते पैसे नव्या घराच्या करारात दाखवता येत नाहीत, म्हणजे आपलं कर्ज तेवढ्याने वाढतं. करारातली किंमत सरकारी बाजारमूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी असली, तर कर सरकारी मूल्यावरच बसतो.

कराचं घड्याळ

घर विकून झालेल्या नफ्यावर प्राप्तिकर आहे. घर दोन वर्षांहून जास्त आपल्याकडे असेल तर तो दीर्घ मुदतीचा नफा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्या तारखेच्या आधी घेतलेल्या घराला महागाई धरून काढलेल्या नफ्यावर २० टक्के, असा दुसरा पर्यायही आहे. दोन्हींत जो कर कमी तो भरायचा. समजा १६ लाखांना घेतलेलं घर ६० लाखांना गेलं, तर पहिल्या रीतीने ४४ लाखांवर साडेपाच लाख कर होतो.

हा कर टळतो तो नवं राहतं घर घेतल्याने. त्यासाठी नवं घर, जुनं विकण्याच्या आधीच्या एका वर्षात किंवा नंतरच्या दोन वर्षांत घेतलेलं असावं. बांधून घ्यायचं असेल तर विक्रीनंतर तीन वर्षं मिळतात. म्हणजे ज्यांनी आधी घेतलं त्यांनी जुनं वर्षाच्या आत विकलंच पाहिजे. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत नवं घर झालं नसेल, तर नफ्याची रक्कम ठरावीक बँकांतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात ठेवलेली चालत नाही. आणि नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर वाचवलेला कर परत मागे लागतो.

आणखी एक. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा १ टक्का कापून आपल्या नावे सरकारात भरतो. ६० लाखांच्या घराचे ६० हजार असे सुरुवातीला हातात येत नाहीत, विवरणपत्र भरल्यावर त्यांचा हिशेब होतो. आपणही ९० लाखांच्या घराचे ९० हजार तसेच कापून भरायचे असतात. हे दर बदलत राहतात, तेव्हा व्यवहाराच्या आधी जाणत्या चार्टर्ड अकाउंटंटला एकदा फी देऊन विचारावं. ती फी वाया जात नाही.

नाव कुणाचं?

आता सर्वांत महत्त्वाचं. गृहकर्जाच्या कागदावर सही करणारी बाई घराची मालकीण होत नाही. बँकेत सहकर्जदार म्हणून तिची सही घेतात, तिचा पगारही धरतात, हप्ता चुकला तर नोटीस तिलाही येते. पण मालकी ठरते ती खरेदीच्या करारावरच्या नावाने. कर्ज दोघांचं आणि घर एकट्याचं, असं कितीतरी घरांत झालेलं आहे, आणि ते बाईला वीस वर्षांनी कळतं.

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. यजमान गेल्यावर घर त्यांच्या एकटीच्या नावावर होतं. मुलाने ते विकून मोठं घर घ्यायचं ठरवलं. मुलगा चांगला, सून चांगली. कर्ज मुलगा काढणार म्हणून करार मुलगा-सुनेच्या नावे तयार झाला. बाई संकोचाने गप्प होत्या. अकाउंटंटने कागद पाहिले आणि विचारलं, ‘नफा बाईंचा आणि घरात बाईंचं नावच नाही? मग कर वाचेल याची खात्री मी देत नाही.’ मग तिघांच्या नावांनी करार झाला, बाईंच्या पैशाच्या प्रमाणात त्यांचा हिस्सा टक्क्यांत लिहिला गेला. मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला सुचलंच नव्हतं, एवढंच. बाई म्हणाल्या, ‘मागायला जड जात होतं, कायद्यानेच मागून दिलं.’

तेव्हा सोपा नियम असा, की जुन्या कागदावर ज्यांची नावं होती त्यांची नव्या कागदावर असावीत. करसवलतीच्या दृष्टीनेही तेच बिनधोक. ज्या बाईचे दागिने, माहेरचे पैसे, भिशी, प्रॉव्हिडंट फंड घरात गेला, तिचं नाव आणि हिस्साही करारात लिहिलेला असावा.

फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावे घर घेतलं तर आपल्या राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. ९० लाखांच्या घराला ९० हजार वाचतात. असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही, ही सुरुवातीची अट २०२३ मध्ये काढून टाकली. पती-पत्नी दोघांची नावं असतील तर मात्र सूट नाही. आणि विकलेलं घर यजमानांच्या नावे असेल तर त्यांच्या नफ्यावरचा कर बघावा लागेल. सूट मोठी की कर मोठा, हे वहीत मांडूनच ठरवा.

करारावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. मराठीत समजावून मागा. ‘गर्दी आहे, लवकर सही करा,’ असं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कुणी म्हणालं तरी घाबरू नका. सही झाल्यापासून नोंदणीसाठी कायद्याने चार महिने मिळतात, दहा मिनिटं वाचायला लागली म्हणून काही बिघडत नाही.

किल्ली देताना

पूर्ण पैसे खात्यात जमा झालेले स्वतः पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नये. किल्ली देताना ताबापत्रावर सही घ्यावी, त्या दिवशीचं विजेच्या मीटरचं रीडिंग लिहून ठेवावं. सोसायटीतलं आपलं नाव उतरून घेणाऱ्याचं लागल्याची खात्री करावी. नव्या घरी गेल्यावर भागपत्र, वीज आणि घरपट्टी आपल्या नावावर करून घ्यावी. गॅस, रेशनकार्ड, आधार, मतदार यादी आणि बँकेतला पत्ता आठ-पंधरा दिवसांत बदलावा. नव्या सोसायटीत नामनिर्देशनाचा अर्ज भरावा, आणि जमलं तर दोघांनी आपापलं मृत्युपत्रही करून ठेवावं.

जुन्या आणि नव्या घराच्या सगळ्या कागदांच्या दोन प्रती काढा. एक संच यजमानांच्या कपाटात राहू द्या. दुसरा तुमच्या स्वतःच्या कपाटात ठेवा, आणि तो कुठे आहे ते मुलीलाही दाखवून ठेवा.